यू१ ते यू८: आठ बटणांचं मूळ

गणपतीला सांगलीला घरी आलेल्या भाचीने विचारलं, "मामा, आमच्या जुन्या आरपीजी भाषेतल्या प्रोग्राममध्ये यू१ चालू आहे का ते तपासलंय, पण तो कुठेच डिक्लेअर केलेला नाही. त्याला चालू करतं कोण?" ती पुण्यात आयबीएमच्या एएस/४०० या संगणकावर काम करते. तिला उत्तर सापडेना, कारण ते प्रोग्रामच्या बाहेर आहे.

यू१ ते यू८ या चालू-बंद दाखवणाऱ्या आठ खुणा आहेत, आणि त्यांचं मूळ खऱ्याखुऱ्या बटणांत आहे. १९५४ साली जाहीर झालेल्या आयबीएम ७०४ या संगणकाच्या कन्सोलवर, म्हणजे ऑपरेटरच्या नियंत्रण-फलकावर, सहा सेन्स स्विच असत. ऑपरेटर ते हाताने वर-खाली करी आणि प्रोग्राम ते वाचून वाट बदले. फोरट्रान या भाषेच्या पहिल्या आवृत्तीत त्यासाठी खास 'इफ सेन्स स्विच' होतं. पुढे जॉब, म्हणजे संगणकाला दिलेली कामं, एकामागून एक चालू लागले, तेव्हा दर वेळी कन्सोलपाशी जाऊन बटण दाबणं जमेना. मग आयबीएमच्या सिस्टम/३६० संगणकांच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टममध्ये यूपीएसआयचं, म्हणजे प्रोग्रामसाठीच्या स्विचांचं, कार्ड आलं. त्यावर आठ शून्य-एक लिहायचे, झालं.

१९६९च्या सिस्टम/३वर आरपीजी-२ने यांनाच यू१ ते यू८ म्हटलं. तिथून सिस्टम/३४, ३६, ३८ करत १९८८मध्ये ते एएस/४००वर आले, जॉबचा एक गुणधर्म म्हणून. कोबोल ही दुसरी भाषा मात्र मोजणी शून्यापासून करते, म्हणून तिथला यूपीएसआय-० म्हणजे आरपीजीचा यू१. दोन्ही भाषा एकाच जॉबमध्ये असल्या की इथे हमखास घोळ होतो.

उपयोग काय? आपल्याकडचं ऊसबिल घ्या. पहिला स्विच १ असला की पंधरवड्याची फक्त तपासणी यादी छापायची, ० असला की रकमा खात्यावर चढवायच्या. प्रोग्राम एकच, पुन्हा कंपाइल करणं नाही. फाइलच्या व्याख्येत यू१ लिहिला, तर स्विच बंद असताना ती फाइल उघडतच नाही. त्या काळच्या अपुऱ्या मेमरीत ही सोय फार मोठी होती, आणि ज्यांनी ती योजली त्यांच्याबद्दल मला खरोखर आदर आहे.

जोखीमही इथेच आहे. 'यू३' या नावातून काहीच कळत नाही आणि जॉबमधला कुठलाही प्रोग्राम तो बदलू शकतो. सीएलमध्ये, म्हणजे एएस/४००च्या आज्ञांच्या भाषेत, 'एक्सएक्स१एक्सएक्सएक्सएक्सएक्स' लिहिलं तर फक्त तिसरा बदलतो, एक्सच्या जागा जशाच्या तशा राहतात. सरळ '००१०००००' लिहिलं तर बाकीचे सातही पुसले जातात.

भाचीचा खरा अडथळा वेगळाच निघाला. स्क्रीनवर बसून तिने स्विच चालू केला आणि एसबीएमजॉब या आज्ञेने काम बॅचला, म्हणजे मागे वेगळा जॉब म्हणून चालायला, पाठवलं. एसबीएमजॉब मूळ सवयीने स्विच जॉब डिस्क्रिप्शनमधून, म्हणजे जॉबच्या आधीच ठरवून ठेवलेल्या गुणधर्मांतून, घेतो, आणि तिथे आठही शून्य होते. त्याच आज्ञेत एसडब्ल्यूएसपुढे, म्हणजे स्विचांच्या जागी, '१०००००००' लिहिल्यावर तिची यादी छापली गेली.