गारमेंट एक्स्पोर्टचं सरकारी ट्रेनिंग घ्यायचंय? फॉर्म भरायच्या आधी एवढं वाचा

शिलाईचं सरकारी ट्रेनिंग म्हटलं की लोक चार-पाच योजना एकात एक मिसळतात आणि मग चुकीच्या सेंटरला हेलपाटे घालतात. त्यामुळे आधी एकच ठरवा, तुम्ही नवीन आहात, आधीच कंपनीच्या शिलाई लाइनवर काम करताय, की घरी बसून शिवता? या तिघांसाठी तीन वेगळ्या वाटा आहेत.

घरी ब्लाउज, फॉल-पिको करणाऱ्यांसाठी पीएम विश्वकर्मा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेतल्या 18 कामांमध्ये शिंपीकाम आहे, नोंदणी सीएससी सेंटरवर होते, ट्रेनिंगचे रोज 500 रुपये मिळतात आणि अवजारांसाठी 15,000 पर्यंतचं ई-व्हाउचर. पण ही स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे, कंपनीत पगारावर असलेल्यांनी इथे अर्ज करू नये. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी "पंतप्रधान मोफत शिलाई मशीन योजना" अशी केंद्राची कुठलीही योजना नाही, केंद्र सरकारच्या माहिती विभागाने, पीआयबीने, हे स्पष्ट सांगितलंय, तरी तिच्या फॉर्मचे पैसे घेणारे आहेतच, त्यांना एक रुपया देऊ नका.

आता एक्स्पोर्टचं काम. नवीन असाल तर केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाची समर्थ योजना बघा. डिसेंबर 2017 मध्ये 1300 कोटींची म्हणून मंजूर झाली, नंतर मुदत वाढत वाढत मार्च 2026 पर्यंत गेली, त्या शेवटच्या टप्प्यासाठी 495 कोटी आणि 3 लाख लोकांचं टार्गेट होतं. त्यापुढे योजना बदललेली असू शकते, म्हणून सेंटरला पहिला प्रश्न हाच विचारा की ही बॅच कुठल्या योजनेत मंजूर आहे आणि तिचा नंबर काय. समर्थमध्ये कंपनीच्या कामासाठी नवीन शिकणाऱ्यांपैकी किमान 70 टक्के लोकांना नोकरी लावायची अट सेंटरवर आहे आणि पुढे वर्षभर तुम्ही कुठे आहात याचा माग ठेवायचाय. सेंटरला मिळणाऱ्या पैशाचा एक हिस्सा नोकरी लागल्यावरच सुटतो, म्हणून ते नंतर पगाराची स्लिप मागायला फोन करतात, घाबरू नका, द्या.

समर्थसाठी आपण कुठल्या ऑफिसात जाऊन अर्ज टाकायचा असं नसतं. ज्या कंपनीला किंवा संस्थेला बॅच मंजूर झालीय तिथे जायचं, ते आधारवरून तुमची नोंदणी करतात, मग बॅच भरली की वर्ग सुरू. हजेरी बायोमेट्रिक, रोजची, आणि ती कमी भरली तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे घरात लग्न असलं, शेतात काढणी असली तरी आधी विचार करून बॅच निवडा. कोर्स तासांवर मोजतात, रोज किती तास ठेवलेत त्यावर किती आठवडे ते ठरतं. शेवटी परीक्षा सेंटरचे सर घेत नाहीत, बाहेरची संस्था येऊन घेते. शिक्षणाची अट कोर्सप्रमाणे बदलते, शिलाई मशीन ऑपरेटरला फार मोठी नाही, चेकर आणि क्वालिटीच्या कामाला जास्त मागतात. फी लागत नाही. रजिस्ट्रेशन, ड्रेस, सर्टिफिकेट अशा नावाने कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

"शिवता येतं, मग शिकायचं काय" असं बऱ्याच बायका विचारतात. घरची मशीन आणि कंपनीची सिंगल नीडल, म्हणजे एका सुईची मोटरवाली मशीन, यात फरक आहे, ती पाय ठेवला की पळते, त्या वेगात शिलाई सरळ ठेवणं आणि एका इंचात टाके तेवढेच येणं हेच आधी शिकवतात. मग ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक अशा दुसऱ्या मशीन. आणि एक गोष्ट घरी कुणीच शिकवत नाही, सुई तुटली तर तिचा प्रत्येक तुकडा शोधून रजिस्टरला लावून मगच नवी सुई मिळते, तुकडा सापडला नाही तर आजूबाजूचे पीस बाजूला काढून तपासतात. लहान मुलांच्या कपड्यात सुईचं टोक राहिलं तर काय होईल ते आईला वेगळं सांगायला नको.

कागदपत्रं म्हणाल तर आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक, फोटो, असेल तेवढं शिक्षणाचं मार्कशीट, लागू असेल तर जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला. यादी छोटी दिसते, पण सगळ्यात जास्त फॉर्म अडतात ते नावावर. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, मार्कशीटवर तिसरंच स्पेलिंग. सर्टिफिकेटवर आधारचं नाव छापून येतं, त्यामुळे पुढे पीएफला आणि नोकरीला तेच चालवायचं असं धरून आधीच ठरवा कुठलं नाव ठेवायचं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईत अर्धवट बदल करू नका, लग्नाचा दाखला हातात घेऊन एकदाच नीट करा आणि मग बँकेत तेच नाव लावा. दुसरं, खातं आधारला नुसतं जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे येण्यासाठी सीडिंग वेगळं, बँकेत जाऊन "डीबीटीसाठी, म्हणजे थेट सरकारी पैशासाठी, हेच खातं आहे ना" असं स्पष्ट विचारा, कारण पैसे सगळ्यात अलीकडे सीड केलेल्या खात्यात जातात, ते तुम्ही वापरत नसलात तरी. भांडी, धुणं, शेतकाम करून बोटांचे ठसे पुसट झालेत? मग बॅच सुरू व्हायच्या आधीच आधार केंद्रावर बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, नाहीतर रोज हजेरीला रडगाणं.

आधीच लाइनवर असाल, बारामती, बुटीबोरी, नांदगाव पेठ कुठेही, तर परत पहिल्यापासून शिकायची गरज नाही. एक, समर्थमध्येच काम करणाऱ्यांसाठी कौशल्य वाढवायचे कोर्स आहेत, सिंगल नीडलवाली फ्लॅटलॉक शिकली की तिची किंमत वाढते. दोन, आरपीएल, म्हणजे आधीचं कौशल्य तपासून सर्टिफिकेट. मार्च 2026 पर्यंत मंजूर असलेल्या पीएमकेव्हीवाय 4.0 मध्ये, म्हणजे पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत, त्याचं वय 18 ते 59, थोडी ओळख करून देतात, मग परीक्षा. स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर आधार ओटीपीने नोंदणी होते, पण खरं काम कंपनीच्या एचआरने बॅच मागितली तरच पटकन होतं, म्हणून एकटीने जाऊ नका, दहा-पंधरा जणींनी मिळून लेखी मागा. सोबत ओळखपत्र, पगाराची स्लिप, ईएसआयसी कार्ड आणि यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, ठेवा, किती वर्षं काम करताय याचा तोच पुरावा.

हे मनापासून सांगतो, कारण पाच-सहा वर्षं ऑपरेटरचं काम करून कागदावर हेल्परच राहिलेल्या बायका मी बघितल्यात. किमान वेतनात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगळे दर असतात, आणि वरचा दर मागताना हातात सर्टिफिकेट असलं की बोलायला आधार मिळतो. निकाल लागला की ते डिजिलॉकरवर बघा, डाउनलोड करा, क्यूआर कोड स्कॅन करून नाव बरोबर आलंय का तपासा. मूळ प्रत सेंटर किंवा कंपनीने ठेवून घेतली तर लेखी मागा, ती तुमच्या नावाची आहे. दाद लागली नाही तर योजनेच्या पोर्टलवर तक्रार टाका आणि त्याचा नंबर मोबाइलमध्ये जपून ठेवा.