प्रेमातील आदर्शीकरण व आशा

प्रेमातील आदर्शीकरण व आशा : (मनोविश्लेषण). प्रिय व्यक्तीला तिच्या प्रत्यक्ष गुणांहून कितीतरी मोठे करून पाहण्याच्या मनोव्यापारास आदर्शीकरण म्हणतात. त्या व्यक्तीकडून पुढे काही लाभेल ही धारणा म्हणजे आशा. व्यवहारात दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या आढळतात.

संकल्पनेचा आरंभ सामान्यतः मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यांच्या आत्मरतीवरील (स्वतःवरच जडलेल्या प्रेमावरील) १९१४ च्या निबंधापासून धरला जातो. तथापि लैंगिकतेवरील १९०५ च्या तीन निबंधांतच प्रेमविषयाच्या (ज्या व्यक्तीवर प्रेम जडते तिच्या) ‘अतिमूल्यांकना’चे वर्णन असून, प्रेमात पडलेल्याची भाबडी श्रद्धा हा अधिकारसत्तेचा एक महत्त्वाचा उगम आहे आणि संमोहिताच्या आज्ञाधारकतेशी तिचे नाते आहे, असेही तेथे सुचवलेले आहे. त्यामुळे बीज १९०५ चे आणि व्याख्या १९१४ ची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९१४ च्या निबंधात फ्रॉइड आदर्शीकरण आणि उदात्तीकरण यांत काटेकोर भेद करतात : उदात्तीकरणात प्रेरणेची दिशा पालटते, आदर्शीकरणात प्रेरणा तीच राहून तिचा विषय तेवढा मोठा होतो. बालपणी स्वतःच स्वतःचा आदर्श असलेले मूल ती परिपूर्णता गमावते आणि पुढे ती अन्यत्र शोधते. आपल्या बाळाचे सारे दोष विसरून त्याला ‘बाळराजे’ म्हणणाऱ्या आईबापांच्या मायेतही त्यांची स्वतःची जुनी आत्मरतीच पुन्हा जागी झालेली फ्रॉइड यांना दिसते.

समूहमानसशास्त्रावरील १९२१ च्या ग्रंथात हा विचार निर्णायक वळण घेतो. तादात्म्यात (दुसऱ्याशी एकरूप होण्यात) दुसरी व्यक्ती अहंमध्ये, म्हणजे ‘मी’मध्ये, सामावते, तर उत्कट प्रेमात ती अहं-आदर्शाच्या, म्हणजे आपण कसे असावे याच्या मनातील प्रतिमेच्या, जागी बसते. आदर्शाचे काम स्वतःवर टीका करण्याचे असल्याने, ती जागा प्रिय व्यक्तीने घेतली की टीकेचा आवाज थांबतो आणि तिच्यासाठी केलेले कृत्य, ते गुन्ह्यापर्यंत गेले तरी, मनाला बोचत नाही.

उत्तरकालीन मनोविश्लेषकांच्या मतांत मेलनी क्लाइन (१९४६) यांच्या दृष्टीने आदर्शीकरण हा, कोणी आपला छळ करील या भीतीविरुद्धचा बचाव आहे. हाइन्त्स कोहुत (१९७१) यांच्या दृष्टीने ती वाढीची रास्त गरज आहे. ऑटो केर्नबर्ग यांनी दोष मुळीच न पाहणारे आदिम आदर्शीकरण आणि प्रिय व्यक्तीला तिच्या उणिवांसह सामावून घेणारे प्रौढ आदर्शीकरण अशा पातळ्या मानल्या. प्रेमसंबंधांच्या बाबतीत ही मांडणी अधिक समाधानकारक आहे, कारण तिच्यात वरील दोन्ही मतांना जागा राहते.

आशेवर स्वतंत्र लेखन तुलनेने कमी आहे. मनोविश्लेषक एरिक एरिकसन यांनी आशेचे मूळ तान्ह्या वयातील विश्वासात पाहिले. मनोविश्लेषक सलमान अख्तर यांनी १९९६ मध्ये विकृत आशावाद आणि अतिरेकी स्मृतिव्याकुळता ही आदर्शीकरणाचीच दोन रूपे ठरवली : एकात सारे काही ‘एक ना एक दिवस’ ठीक होणार असते, दुसऱ्यात ‘तेवढे घडले नसते तर’ सारे ठीकच असते. ‘लग्न झाले की सुधारेल’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य याच संदर्भात तपासता येते. जिच्याशी लग्न ठरले आहे ती बदल घडवील असे गृहीत धरले जाते; मग मूल झाल्यावर, त्यानंतर नोकरी लागल्यावर, असा मुक्काम पुढे सरकत राहतो आणि समोरचा माणूस आज कसा आहे हे पाहायचे राहूनच जाते. अशा आशेमागे बहुधा फार जुने, शोक न केलेले नुकसान असते. म्हणून उपचारात तिला प्रथम आधार दिला जातो. तिच्या मर्यादा रुग्णासमोर मांडण्याची पायरी त्यानंतरची, आणि ती अडलेल्या शोकाला वाट करून देते.