हॉपी स्टाउट (घरगुती ब्रूइंग)

हॉपी स्टाउट म्हणजे काळीकुट्ट, भाजक्या धान्याच्या चवीची स्टाउट बिअर, फक्त हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) घालताना हात सैल सोडलेला. स्पर्धांमध्ये ही बहुतेक वेळा अमेरिकन स्टाउट या गटात बसते. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या अमेरिकन संस्थेच्या वर्गवारीत त्या गटाचा कडूपणा ३५ ते ७५ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) आणि अल्कोहोल ५ ते ७ टक्के धरलंय.

स्टाउट मूळची लंडनची. तिथे १८व्या शतकात पोर्टर नावाची गडद बिअर चालायची, तिच्यातली जरा तगडी ती स्टाउट पोर्टर, पुढे नुसतं स्टाउट राहिलं. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) कॉफीसारखं काळं भाजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि रंगाचा प्रश्न मिटला. हॉप्सचा मारा मात्र अमेरिकन होमब्रूअर लोकांचा. १९७८ मध्ये जिमी कार्टरनी सही केली आणि तिथे घरी बिअर बनवणं केंद्रीय कायद्याने मोकळं झालं, त्याच सुमारास होमब्रूइंगच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमनसारखे लोक पुढे आले, आणि त्याच्या सिएरा नेवाडा ब्रूअरीत १९८० साली पहिली शिजली ती तिची गाजलेली फिकट बिअर पेल एल नव्हे, स्टाउट होती.

खरी गोम कडूपणात आहे. इथे कडू दोन प्रकारचं असतं, एक करपल्याचं, म्हणजे फार भाजलेल्या कॉफीसारखं, आणि दुसरं हॉप्सचं, जिभेवर रेंगाळणारं. दोन्ही एकदम चढले की घोट घशाखाली उतरत नाही. म्हणून भाजकी बार्ली हात राखूनच घ्यायची, १९ लिटरच्या बॅचला साधारण ५ किलो पेल माल्ट, ४०० ग्रॅम भाजकी बार्ली आणि थोडा गोडवा यायला ३५० ग्रॅम क्रिस्टल माल्ट. काहीजण काळं धान्य मॅशच्या, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवण्याच्या, शेवटी घालतात किंवा थंड पाण्यात वेगळं भिजवून फक्त पाणी वापरतात, करपट चव बरीच कमी होते.

पाण्याकडे कोणी बघत नाही आणि घोळ तिथेच होतो. काळं माल्ट आम्लधर्मी, मॅशचा पीएच खाली ओढतं, म्हणून आम्लता सावरणारं डब्लिनचं बायकार्बोनेटवालं पाणी स्टाउटला मानवलं. आयपीए या भरपूर हॉप्सच्या फिकट बिअरच्या सवयीने यात भरपूर जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाकलंत तर हॉप्सचा कडूपणा टोकदार होतो आणि भाजक्या चवीशी भांडतो.

बाकी कृती नेहमीचीच. भरडलेलं धान्य ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, चोथा बाजूला काढून उरलेलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, तासभर उकळायचं. हॉप्स ही भांगेच्या कुळातल्या वेलाची फुलं, त्यातली अल्फा आम्लं उकळल्यावरच नीट कडू होतात पण तेवढ्या वेळात वास उडून जातो, म्हणून कोलंबससारख्या कडू जातीचे हॉप्स २५-३० ग्रॅम सुरुवातीला आणि कॅस्केड किंवा सेंटेनियल या वासाच्या जाती शेवटच्या १० मिनिटांत आणि गॅस बंद केल्यावर. संत्र्याची साल आणि चॉकलेट जमतं तसा या हॉप्सचा वास आणि भाजकी चव जमते, ग्रेपफ्रूट आणि कॉफीबद्दल मात्र मतभेद आहेत (माझं मत विरोधात). मग झटपट १८-२० अंशांपर्यंत गार करून एल यीस्ट (बिअर आंबवणारं) टाकायचं. यापुढे जे जे बिअरला लागेल ते सॅनिटाइझ केलेलंच हवं. दोनेक आठवड्यांनी ग्रॅव्हिटी (द्रवाची घनता, साखर किती उरली ते सांगणारी) सलग दोन-तीन दिवस तीच आली की ११०-१२० ग्रॅम साखर विरघळवून बाटल्या भरायच्या, घाई केली तर बाटल्या फुटतात.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे हा उद्योग करणारे मराठी लोक बहुधा परदेशातल्या गॅरेजमध्येच सापडतील.

बाटलीत दोन आठवड्यांत फेस धरतो. साधी स्टाउट मुरली की सुधारते, हिचं थोडं अवघड आहे कारण भाजकी चव मऊ व्हायला वेळ लागतो आणि तोवर हॉप्सचा वास विरायला लागतो, म्हणून पहिल्या दोनेक महिन्यांत संपवलेली बरी.