पुणे–सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर व प्रवासकाळ

पुण्याचे लोहगाव विमानतळ आणि कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को विमानतळ यांमधील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर, म्हणजे ७,३०० सागरी मैल आहे. संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांमुळे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, पुणेकर बरेच असल्याने या अंतराची चौकशी पुण्यात घरोघरी होते.

भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पश्चिमेला दिसते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला तर तो पुण्याहून जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकून निघतो. हिमालय, चीनचा शिंच्यांग प्रांत आणि सायबेरिया ओलांडून ७५ उत्तर अक्षांशापलीकडे आर्क्टिक महासागरावर पोहोचतो आणि अलास्का, कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो. या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्‌वृत्त मार्ग म्हणतात. प्रत्यक्षात विमाने ती तंतोतंत धरत नाहीत.

मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरल्यास हे अंतर पंधरा तासांचे होते. मात्र हा हिशोब वाऱ्याविना केलेला आहे. मध्य अक्षांशांवर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो; तो पाठीशी असला की जमिनीच्या तुलनेतला वेग बराच वाढतो. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबून १५,३०० किलोमीटर झाली, तरी प्रवास साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा लवकर संपला. त्यामुळे नुसता किलोमीटरचा आकडा प्रवाशाला फारसे काही सांगत नाही. त्यात राजकारणाचीही भर पडते: २०२२ पासून रशियाचे आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाले, तर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. अशा वेळी वळसे वाढतात, इंधन वाढते आणि तिकीटही.

पुण्याहून ही वाट एका दमात कापता येत नाही. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. तिथली धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. इतक्या दूरचे इंधन भरलेले मोठे विमान उडवायला ती अपुरी पडते. म्हणून प्रवासी मुंबई, दिल्ली, बंगळूर किंवा आखातातल्या एखाद्या विमानतळावरून जातात. मुंबईहून जायचे तर आधी द्रुतगती महामार्गाने सुमारे दीडशे किलोमीटर. घाटात गाड्या अडकतात म्हणून जाणते लोक पाच-सहा तास हाताशी ठेवूनच घर सोडतात. विमान बदलताना लागणारा वेळ धरता घरापासून घरापर्यंतचा प्रवास चोवीस तासांच्या आत क्वचितच होतो.

सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ पुण्याच्या साडेतेरा तास मागे असते. तिकडे उन्हाळी वेळ लागू असताना साडेबारा. त्यामुळे जाताना बहुधा निघालेल्या तारखेलाच माणूस पोहोचतो. परतीच्या तिकिटावर मात्र पोहोचण्याची तारीख एक-दोन दिवसांनी पुढची दिसते. विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला ती तारीख भारतीय वेळेनुसार कळवावी.