बेक्ड बीन्समधली जीवनसत्त्वं: भाजी की कडधान्य, या जुन्या घोळाची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये विकला जाणारा बेक्ड बीन्सचा, म्हणजे टोमॅटोच्या सॉसमधल्या पांढऱ्या राजम्याचा, डबा फिरवून मागचा तक्ता वाचला, तर ऊर्जा, मेद, कर्बोदकं, साखर, तंतू, प्रथिनं, मीठ अशा सगळ्या ओळी सापडतात. जीवनसत्त्वांची ओळ मात्र सहसा नसते. ती विसरून राहिलेली नाही. नियमच असा आहे की १०० ग्रॅम पदार्थात रोजच्या संदर्भमात्रेच्या (मोठ्या माणसासाठी दिवसाचं म्हणून ठरवलेल्या प्रमाणाच्या) निदान १५ टक्के जीवनसत्त्व असेल, तरच त्याचं नाव तक्त्यात घालता येतं. फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाची संदर्भमात्रा २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे उंबरठा ३० मायक्रोग्रॅमचा. बेक्ड बीन्समध्ये फोलेट साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम भरतं. दारापर्यंत येतं आणि बाहेरच राहतं. बी१ म्हणजे थायमिन ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, त्याचा उंबरठा ०.१६५. क जीवनसत्त्व नावापुरतं, बी१२ अजिबात नाही.

यावरून ‘डब्यात काही दम नाही’ असा निष्कर्ष पटकन काढला जातो. तो काढण्याआधी एक छोटा हिशेब पाहू, कारण या विषयातले बरेच गैरसमज इथेच तयार होतात. हे दाणे भाजी म्हणून मोजायचे की कडधान्य म्हणून, हा ब्रिटनमधला जुना घोळही जीवनसत्त्वांवरूनच झाला.

या डब्यातला दाणा म्हणजे बारीक पांढरा राजमा. अमेरिकी आरमाराच्या जेवणात तो इतका असे की इंग्रजीत त्याला आरमाराचंच नाव चिकटलं. अन्नघटकांच्या अमेरिकी तक्त्यांनुसार या कच्च्या दाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३६० मायक्रोग्रॅम फोलेट असतं, उकडलेल्यात सुमारे १४० आणि डब्यातल्या बेक्ड बीन्समध्ये पंचविसाच्या आसपास. हे तीन आकडे शेजारी ठेवून ‘शिजवताना साठ टक्के गेलं, डब्यात नव्वद टक्क्यांच्या वर गेलं’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं. पण कच्चे १०० ग्रॅम दाणे भिजून-शिजून अडीचशे ग्रॅमच्या घरात जातात. ३६० ला अडीचने भागा, उत्तर १४४ येतं. म्हणजे कच्च्या आणि उकडलेल्या आकड्यांतला फरक बहुतेक पाण्याचा आहे. पुढे डब्यात अर्धे दाणे आणि अर्धा टोमॅटोचा रस, म्हणून १४० चे साधारण ७० व्हायला हवेत. प्रत्यक्षात २५ राहतात. खरं नुकसान इथे होतं, आणि ते निम्म्याहून जास्त आहे.

ते होतं कसं? दाणे भिजवायचे, गरम पाण्यातून काढायचे, ते पाणी सोडून द्यायचं, दाणे डब्यात भरायचे, वर सॉस ओतायचा, डबा बंद करायचा आणि दाबाखालच्या वाफेत शिजवायचा. फोलेट आणि थायमिन दोन्ही पाण्यात विरघळणारी, आणि दोघांनाही उष्णता सोसत नाही. काही सोडलेल्या पाण्यातून जातं, काही वाफेत नष्ट होतं. सॉसमध्ये उतरलेलं तेवढं वाचतं, कारण सॉस आपण खातो. (घरी राजमा उकडून पाणी मोरीत ओतणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायला हरकत नाही.) या सगळ्यात भट्टी कुठेच नाही. नावातलं ‘बेक्ड’ हे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मातीच्या हंडीतून आलेलं आहे. तिथे काकवी आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून दाणे रात्रभर भट्टीत ठेवत. पद्धत गेली, नाव राहिलं.

त्याआधीचा इतिहास वाचकांना माहीत आहे: दाणा मूळचा अमेरिका खंडांतला, सोळाव्या शतकात युरोपात आला, वगैरे. ब्रिटनमध्ये हा डबा १८८६ साली आला तो लंडनच्या पिकॅडिलीमधल्या उंची दुकानात, परदेशी चैनीची वस्तू म्हणून. तेव्हा ‘व्हिटॅमिन’ हा शब्दच नव्हता. तो १९१२ सालचा, बेरीबेरीच्या अभ्यासातून निघालेला. म्हणजे पहिली पंचवीस-तीस वर्षं तरी हे डबे कोणी जीवनसत्त्वांसाठी विकत घेतले नाहीत.

१९२८ साली लंडनच्या हार्लेस्डन भागात या डब्यांचं ब्रिटिश उत्पादन सुरू झालं. त्याच वर्षी लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत आल्या. दोन्ही गोष्टींचा आपसात काही संबंध नव्हता, पण पुढे तो लागला. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांमध्ये बाळंतपणाच्या सुमाराला एक विचित्र, जीवघेणा पांडुरोग दिसत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, आणि ज्या आहेत त्या नेहमीपेक्षा मोठ्या. परळच्या प्रयोगशाळेत आधी उंदीर आणि मग माकडं यांच्यावर प्रयोग करून या बाईंनी दाखवलं, की बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा अर्क दिला की हा आजार हटतो. इंग्रज लोक जो काळा, खारट अर्क ब्रेडला लावून खातात, तोच हा. १९३१ साली हे प्रसिद्ध झालं. अर्कातला नेमका घटक कोणता हे ठाऊक नसल्याने तो बरीच वर्षं त्यांच्याच नावाने ओळखला जाई. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड म्हणू लागले. डब्याच्या तक्त्यात न बसणारं फोलेट ते हेच. जगभरच्या गोळ्यांच्या पाकिटांवर छापलं जाणारं हे नाव परळच्या वाटेने गेलं आहे, हे मुंबईतही फारसं कोणाच्या ध्यानात नसतं.

युद्धकाळात डब्याची इज्जत वाढली. १९४१ च्या डिसेंबरात डबाबंद मांस, मासे आणि बीन्स यांच्यासाठी माणशी मिळणाऱ्या ठरावीक गुणांवर (पॉइंट्सवर) चालणारं रेशनिंग आलं. डब्यातला डुकराच्या मांसाचा तुकडा याच टंचाईत गेला आणि परत आला नाही. आज भारतीय शाकाहारी घरांत हा डबा निःशंकपणे उघडला जातो त्याचं श्रेय त्या टंचाईला. १९५९ साली विगनजवळ प्रचंड कारखाना उभा राहिला आणि बेक्ड बीन्स हे कामगाराच्या, विद्यार्थ्याच्या आणि महिनाअखेरच्या घराचं अन्न झालं.

सत्तरच्या दशकात तंतूंचं महत्त्व पुढे आलं. आफ्रिकेत वर्षानुवर्षं काम केलेल्या एका आयरिश शल्यविशारदाने आतड्यांचे आजार आणि चोथा कमी असलेलं अन्न यांची सांगड घातली. १९८२ साली तंतूंवर उभारलेलं एक आहारपुस्तक ब्रिटनमध्ये तुफान खपलं आणि त्यात बेक्ड बीन्सला मानाचं पान होतं. १०० ग्रॅममध्ये सुमारे ४ ग्रॅम तंतू आणि ५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, तीही ८० कॅलरींत. स्वस्त अन्नात हे गणित सहज जुळत नाही. प्रथिनांत मेथिओनीन हा घटक कमी, पण ती उणीव ब्रेड भरून काढतो आणि ब्रेडमधली लायसीन या दुसऱ्या घटकाची उणीव दाणे भरून काढतात. वरण-भाताची जोडी जे काम करते तेच.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. घोळ झाला तो ‘दिवसातून पाच’ने.

१९९० साली जागतिक पातळीवरच्या एका तज्ज्ञगटाने माणशी रोज ४०० ग्रॅम फळं-भाज्या सुचवल्या. त्या ४०० ग्रॅममध्येच कडधान्यं, सुकामेवा आणि बिया मिळून निदान ३० ग्रॅम असाव्यात, असंही म्हटलं. ‘निदान’ हा शब्द महत्त्वाचा. ब्रिटनमध्ये याच ४०० चे ८० ग्रॅमचे पाच वाटे झाले आणि २००३ साली ती मोहीम देशभर सुरू झाली. बेक्ड बीन्सचे तीन शिगोशीग मोठे चमचे म्हणजे एक वाटा, हे मान्य झालं. पण सोबत अट आली: कडधान्यं दिवसभरात कितीही खा, कितीही प्रकारची खा, वाटा एकच धरला जाईल. मुळात जिथे किमान होतं तिथे कमाल आलं.

याचं दिलेलं कारण जीवनसत्त्वांचं होतं. कडधान्यांत तंतू आणि प्रथिनं भरपूर असली तरी इतर भाज्या-फळांइतकी जीवनसत्त्वं नाहीत, आणि लोकांनी पाचही वाटे बीन्सचे खाऊन गाडी भागवू नये. हेतू समजण्यासारखा आहे. क जीवनसत्त्व नसलेल्या पदार्थावर दिवस काढणारा माणूस पालेभाजीला मुकणार, हे खरंच आहे. पण नियमाचं वागणं पाहा. फळांच्या रसालाही हीच शिक्षा आहे: १५० मिलीलीटर, दिवसातून एकदाच. रसात जीवनसत्त्व आहे पण तंतू काढून टाकलेला, बीन्समध्ये तंतू आहे पण जीवनसत्त्व थोडं. दोघांचे दोष एकमेकांच्या उलट, आणि निकाल तोच. प्रस्तुत लेखकाला रसाला मिळालेली ही बरोबरी कधीच पटलेली नाही.

वनस्पतिशास्त्राकडे गेलं तर घोळ आणखी वाढतो. बेक्ड बीन्सचा दाणा आणि फरसबी एकाच जातीच्या वनस्पतीची. साताऱ्याकडच्या कोरेगाव भागातला प्रसिद्ध वाघ्या घेवडाही त्याच जातीचा. कोवळी शेंग खाल्ली तर ती भाजी, दिवसातून हवे तितके वाटे मोजा. तीच शेंग वेलावर वाळू दिली, दाणे काढले, की ते कडधान्य, एकच वाटा. मटारचंही तसंच: ओले दाणे भाजीत, वाळवून भिजवले की कडधान्यात. नियम जातीचा नाही, अवस्थेचा आहे. आणि तसा तो अडाणीपणाचाही नाही, कारण ओल्या शेंगेत क जीवनसत्त्व असतं आणि सुक्या दाण्यात जवळजवळ नसतं. मराठी स्वयंपाकघराने ही विभागणी शब्दांतच करून ठेवली आहे: बहुतेक वेळा ओल्याची भाजी, सुक्याची उसळ. फक्त ताटात उसळ भाजीच्याच जागी वाढली जाते आणि ‘आज भाजी काय?’ या प्रश्नाला ‘मटकीची उसळ’ हे उत्तर चालतं. ब्रिटिश सल्लागारांना ते निम्मंच चाललं असतं.

अमेरिकेने निराळी तडजोड केली. तिथे दाणे भाजीतही धरता येतात आणि प्रथिनांतही, फक्त एकच वाढप दोन्हीकडे मोजायची नाही. ब्रिटनच्या सरकारी आहारसल्ल्यातल्या २०१६ च्या ताटाच्या चित्रात प्रथिनांच्या कप्प्याचं नावच ‘बीन्स’ने सुरू होतं, मांसाच्या आधी. म्हणजे पदार्थ बसवला प्रथिनांत आणि मोजला भाज्यांत, तोही एकदाच.

यात एक व्यापारी उपकथानक आहे. मोहिमेचं सरकारी चिन्ह साखर, मीठ किंवा मेद वरून न घातलेल्या पदार्थांसाठीच होतं. बेक्ड बीन्सच्या सॉसमध्ये साखर आणि मीठ दोन्ही असल्यामुळे वाटा मान्य, पण चिन्ह अमान्य. उत्पादकांनी आणि दुकानसाखळ्यांनी मग स्वतःची चिन्हं काढली, ‘पाचपैकी एक’ सांगणारी. ग्राहकाला दोन्हींतला फरक कळण्याचं काही कारण नव्हतं.

त्यानंतरचा बहुतेक वाद जीवनसत्त्वं सोडून साखर-मिठावरच गेला. अर्ध्या डब्यात, म्हणजे २०० ग्रॅममध्ये, साधारण १० ग्रॅम साखर असते. काही टोमॅटोची, बाकी वरून घातलेली. २०१५ साली ब्रिटिश सल्लागारांनी वरून मिसळलेल्या साखरेची मर्यादा मोठ्यांसाठी दिवसाला ३० ग्रॅम केली आणि त्याच अहवालात तंतूंचं लक्ष्यही ३० ग्रॅमवर नेलं. एकाच कागदाने डब्याला एका हाताने मारलं, दुसऱ्या हाताने कुरवाळलं. मीठ मात्र टप्प्याटप्प्याने उतरत आता १०० ग्रॅममागे ०.६ ग्रॅमच्या आसपास आलं आहे. ब्रिटनमधल्या मराठी घरांत हा डबा कांदा, हिरवी मिरची, जिरं आणि हिंगाच्या फोडणीवर उलटला जातो आणि वर पुन्हा चिमूटभर मीठ पडतं, तेव्हा उत्पादकाची ही मेहनत वाया जाते. हिंग तिथे उगाच नसतो. दाण्यांतल्या न पचणाऱ्या शर्करांचा वायू होतो. वर पिळलेलं लिंबूही उगाच नसतं, कारण दाण्यातलं लोह शरीरात शोषलं जायला क जीवनसत्त्वाची मदत होते आणि डब्यात नेमकं तेच नाही.

फोलेटची गोष्ट मात्र थांबलेली नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की गर्भधारणेआधीपासून फोलिक ॲसिड दिलं तर बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मजात दोष बरेच टळतात. तेव्हापासून गर्भधारणेची तयारी करणाऱ्यांना आणि पहिल्या बारा आठवड्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सांगितली जाते. तेवढं फोलेट बेक्ड बीन्समधून घ्यायचं तर दीड-दोन किलो लागतील. ब्रिटनमध्ये गव्हाच्या पिठात थायमिन, नायसिन, लोह आणि कॅल्शियम अनेक दशकं मिसळलं जात आहे, पण फोलिक ॲसिडवर तीस वर्षं नुसती चर्चा झाली. निर्णय २०२१ मध्ये जाहीर झाला, कायदा २०२४ च्या अखेरीस आला, आणि पिठात ते मिसळण्यासाठी गिरण्यांना २०२६ च्या शेवटापर्यंत मुदत आहे. अख्ख्या गव्हाचं पीठ यातून वगळलं आहे.

म्हणजे लवकरच बीन्स-ऑन-टोस्टच्या बशीत वरच्या दाण्यांतलं फोलेट तक्त्यात बसणार नाही आणि खालच्या पांढऱ्या टोस्टमध्ये मात्र ते कायद्याने असेल. टोस्टला आधी तो काळा यीस्टचा अर्क फासून वर बीन्स ओतणारेही तिथे आहेत.