घरगुती फळवाइन (मुंबई)

परसातल्या किंवा वाडीतल्या फळांचा रस घरीच आंबवून केलेले, भट्टीवर न चढवलेले सौम्य मद्य. मुंबईत ही चाल मुख्यतः ईस्ट इंडियन, म्हणजे साष्टी, मुंबई बेट आणि वसई भागातल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरांनी टिकवली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ साली, या समाजाने हे नाव घेतले. वांद्र्याचे रानवर, माझगावची माथारपाखाडी, गिरगावातली खोताची वाडी, मरोळ, गोराई, मनोरी अशा गावठाणांत नाताळला कुसवारासोबत, म्हणजे नाताळच्या फराळासोबत, घरची वाइन देण्याची रीत आहे. गोव्याहून आणि मंगळुराहून आलेल्या कुटुंबांच्या कृतीही फार वेगळ्या नाहीत. लग्नात गरम प्यायले जाणारे मसालेदार ‘खिमाड’ मात्र निराळे. ते तयार दारूपासून करतात.

फळांत पहिला मान जांभळाचा. रंग, तुरटपणा आणि आंबटपणा हे तिन्ही त्यात उपजत असतात, कमी पडते ती साखर. हंगाम नेमका पावसाच्या तोंडावर येतो. एकदा सरी सुरू झाल्या की जांभळात अळ्या पडतात, त्यामुळे मे संपता संपता झाडाखाली जुनी चादर धरून फांद्या हलवायची घाई असते. खाली पडून फुटलेले फळ घेत नाहीत. करवंदाची वाइनही चांगली होते, पण फळ पूर्ण काळे झालेले हवे, नाहीतर चीक उतरतो. चिकूत साखर भरपूर आणि आंबटपणा जवळजवळ नाही. लिंबू न पिळता केलेली चिकूची वाइन मिळमिळीत तर लागतेच, शिवाय लवकर बिघडते. आंब्याचे प्रकरण वासापुरते. रस आंबला की हापूसचा सुगंध बराचसा उडून जातो आणि मागे गढूळ पिवळे पाणी उरते. चांगला आंबा खाऊनच संपवावा हे बरे. अननस, जाम आणि पेरू यांचेही प्रयोग होतात.

घरोघरची कृती तोंडी चालत आली आहे आणि तिचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच: एक किलो फळ, एक किलो साखर, उकळून गार केलेले दीड लिटर पाणी, मूठभर गहू आणि चमचाभर बेकरीचे यीस्ट. जांभळे हाताने कुस्करतात, मिक्सरमधून काढत नाहीत, कारण बी फुटली की कडूपणा येतो. मिश्रण चिनीमातीच्या बरणीत घालतात. बरणी पाऊणच भरायची, वर मलमलीचे फडके बांधायचे. अ‍ॅल्युमिनियमचे किंवा पितळेचे भांडे वर्ज्य. आंबट रस धातू खातो. दुसऱ्या दिवशी साली फेसासकट वर येऊन घट्ट टोपीसारख्या बसतात. त्या रोज लाकडी पळीने खाली दाबाव्या लागतात, नाहीतर वरचा कोरडा थर बुरशी धरतो. पळी एकाच दिशेने फिरवावी असे जुन्या बायका सांगतात. दिशेने काही फरक पडत नाही. रोज न चुकता ढवळण्याने पडतो. एकविसाव्या दिवशी गाळून पुन्हा एकवीस दिवस निवत ठेवायचे, हा हिशेबही ठरलेला.

आंबण्याची क्रिया यीस्ट या सूक्ष्मजीवामुळे घडते, हे लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या संशोधनातून दाखवले. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल मिळते. वरच्या कृतीला हे गणित लावले की घरची वाइन इतकी गोड का, ते कळते. एवढी सगळी साखर आंबली असती तर अल्कोहोल वीस टक्क्यांवर गेले असते, पण बेकरीचे यीस्ट साधारण दहा टक्क्यांच्या आसपास थकते. लिटरमागे दीडशे-दोनशे ग्रॅम साखर तशीच राहते. पाहुण्यांना छोट्या पेल्यात द्यायची ही वाइन असल्यामुळे ते खपून जाते. कमी गोड हवी असेल तर साखर एकदम न घालता हप्त्याहप्त्याने घालणे हा सोपा उपाय आहे. गव्हाने वाइन ‘चढते’ या समजुतीला फारसा आधार नाही, कारण गव्हातला स्टार्च यीस्टला थेट पचवता येत नाही. अंड्याचा पांढरा बलक घालून वाइन निवळण्याची युक्ती मात्र खरी आहे. बलकातली प्रथिने टॅनिनला, म्हणजे फळातल्या तुरट द्रव्याला, धरून गाळासोबत तळाशी बसतात, आणि जांभळात टॅनिन मुबलक असते. फळ आधी शिजवून घेणाऱ्यांची वाइन मात्र अनेकदा काही केल्या निवळत नाही. उकळल्याने पेक्टिन, म्हणजे फळातले चिकट द्रव्य, रसात उतरते आणि गढूळपणा कायमचा राहतो.

मुंबईची हवा या कामाला साथ देत नाही. फळवाइनला वीस-पंचवीस अंशांचा थंडावा मानवतो. इथे जूनमध्ये घरातच तीस अंश असतात आणि आंबताना बरणी स्वतःही तापते. उष्म्यात यीस्ट घाईघाईने काम उरकते, सुगंध उडतो; फारच तापले तर क्रिया अर्ध्यावर बंद पडते. म्हणून बरणी माळ्यावर न ठेवता जिन्याखाली किंवा तळमजल्याच्या आतल्या खोलीत ठेवतात. ओले फडके गुंडाळण्याचा उपाय नाशिकला लागू पडेल, मुंबईच्या दमट पावसाळ्यात पाणी वाळतच नाही. त्यात चिलटे. ती अंगावरून व्हिनेगर करणारे जिवाणू आणतात आणि हवा मिळाली की वाइनचा सिरका होतो. पहिला जोर ओसरल्यावर वाइन अरुंद तोंडाच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरावी आणि बुचातून रबरी नळी काढून तिचे टोक पाण्यात बुडवावे. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. बुडबुडे थांबण्याआधी बूच घट्ट लावले तर बाटली फुटते. सिरका झालाच तर तो फेकू नये, विंदालूत कामी येतो.

अशा वाइनची गल्लत विषारी दारूशी केली जाते. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे दगावली ती मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या दारूने. फळ आंबताना पेक्टिनमुळे मिथेनॉल तयार होते, पण अत्यल्प. घरगुती वाइनचा खरा शत्रू अस्वच्छ बरणी.

कायद्याची बाजू सरळ आहे. १९४९च्या मुंबई दारूबंदी अधिनियमानुसार, जो आज महाराष्ट्राच्या नावाने लागू आहे, परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे, आणि घरी पिण्यापुरते केले म्हणून सूट मिळत नाही. मोरारजी देसाई यांच्या काळातल्या कडक दारूबंदीत शहरभर ‘आंटी’चे, म्हणजे बायकांनी घरात चालवलेले चोरट्या दारूचे, अड्डे उभे राहिले, तिथे विकली जायची ती भट्टीची दारू. नाताळची बरणी त्या धंद्यापासून वेगळी राहिली, तरी कायद्याच्या लेखी तिला वेगळी जागा नाही.

गावठाणांतली बैठी घरे पाडून इमारती आल्या, तशा विहिरी बुजल्या आणि जांभळीही गेल्या. आजची बरणी बहुधा बाजारातल्या काळ्या मनुकांनी भरते. त्या वर्षभर मिळतात, साखरेने गच्च असतात आणि पावसाची वाट पाहायला लावत नाहीत. जांभळाची वाइन करणारी घरे आता मुख्यतः गोराई-मनोरीकडे आणि पलीकडे उत्तन-वसईच्या वाड्यांत सापडतात. एरवी फळ पालघरच्या बहाडोलीहून किंवा बदलापूरहून येणाऱ्या टोपल्यांतून घ्यावे लागते, आणि मेअखेरीचा त्याचा भाव पाहिला की अनेक जण मनुकांवरच समाधान मानतात.