डिजिटल दरी आणि दिवे घाट

एका परिचितांनी मध्यंतरी मला एक रंगीत आलेख पाठवला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील आकडे घेऊन त्यात राज्याराज्यांची 'डिजिटल दरी' काढलेली होती. इंटरनेट एकदा तरी वापरलेल्या पुरुषांच्या टक्केवारीतून तशाच स्त्रियांची टक्केवारी वजा केली, की झाली दरी. महाराष्ट्राची दरी २३.५ आणि बिहारची २३.० आली होती, आणि स्त्री-पुरुष समानतेत बिहारने महाराष्ट्राला मागे टाकले, असे खाली ठळक अक्षरांत लिहिले होते. आकडे खरे होते, वजाबाकीही बरोबर होती. निष्कर्ष मात्र चुकीचा होता, आणि तो का चुकीचा होता हे समजून घेण्यात जी गंमत आहे तिच्यासाठी हा लेख.

आधी मूळ आकडे पाहू. १५ ते ४९ या वयोगटात महाराष्ट्रातील ३८.० टक्के स्त्रियांनी आणि ६१.५ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरले होते. बिहारमध्ये हेच प्रमाण २०.६ आणि ४३.६ टक्के होते. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण करते, आणि या दोन्ही राज्यांतील घरोघरीचे काम जून २०१९ ते जानेवारी २०२० या काळात, म्हणजे टाळेबंदीच्या आधी, झाले होते. आजचे आकडे अर्थातच बरेच वर गेलेले असणार, पण मला जे दाखवायचे आहे त्यासाठी हेच आकडे सोयीचे आहेत, कारण त्या वेळी महाराष्ट्र एका फार विशेष ठिकाणी उभा होता.

ते ठिकाण कळण्यासाठी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या वाटेवरचा दिवे घाट डोळ्यांसमोर आणावा. हडपसर सोडल्यावर वडकीपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट आहे, तिथून घाटाची चढण लागते आणि वर पोचल्यावर सासवडच्या बाजूला पुन्हा सपाटी येते. समजा, दोन वारकरी याच वाटेने सारख्याच चालीने निघाले आहेत, पण दुसरा पहिल्याच्या तासभर मागे आहे. वडकीच्या अलीकडे दोघेही खालीच असतात, त्यामुळे त्यांच्या उंचीत फरक दिसत नाही. पहिला घाट चढू लागला आणि दुसरा अजून पायथ्याशीच असला, की उंचीतला फरक वाढत जातो. चढणीच्या मध्यावर तो सर्वांत जास्त होतो. आणि दुसराही वर पोचला, की फरक पुन्हा नाहीसा होतो. या सगळ्या वेळात दोघांमधले खरे अंतर, म्हणजे तो एक तास, मिनिटभरही बदललेला नसतो. उंचीतला फरक मोजून कोणी 'मागचा वारकरी आणखी मागे पडला' किंवा 'त्याने पुढच्याला गाठले' असे म्हणू लागला, तर तो वारकऱ्यांविषयी बोलत नसून घाटाच्या आकाराविषयी बोलत असतो.

नवे तंत्र समाजात पसरते ते बहुधा अशाच घाटाने. बेल्जियमच्या पिएर-फ्रांस्वा व्हेरहुल्स्ट या गणितज्ञाने १८३८ साली लोकसंख्यावाढीसाठी जे समीकरण मांडले, त्याचा आलेख आडव्या ताणलेल्या इंग्रजी 'एस' अक्षरासारखा येतो: आधी संथ, मग वेगाने, मग पुन्हा संथ. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९४३ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात मक्याच्या संकरित बियाण्याचा प्रसार कसा झाला याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा २५९ शेतकऱ्यांपैकी दोन सोडून सर्वांनी ते बियाणे स्वीकारलेले आढळले आणि स्वीकाराची चाल याच घाटासारखी होती. याचे कारण समजायला सोपे आहे. ज्याच्याकडे नवी वस्तू आहे तो ती नसलेल्याला दाखवतो, म्हणून प्रसाराचा वेग 'असलेले' आणि 'नसलेले' या दोघांच्या गुणाकारावर अवलंबून राहतो. सुरुवातीला असलेले थोडे असतात, शेवटी नसलेले थोडे उरतात, आणि दोन्ही भरपूर असतात ते फक्त मध्यावर.

आता प्रश्न असा, की उंचीऐवजी तो 'एक तास' कसा मोजायचा? त्यासाठी संख्याशास्त्रात 'ऑड्स' नावाचे माप वापरतात. इथून पुढचे दोन परिच्छेद थोडे आकडेमोडीचे आहेत; मला मात्र ते सर्वांत जास्त आवडतात, म्हणून ते गाळलेले नाहीत.

ऑड्स म्हणजे 'हो' म्हणणाऱ्यांना 'नाही' म्हणणाऱ्यांनी भागणे. महाराष्ट्रातील १०० स्त्रियांपैकी ३८ जणी 'हो' आणि ६२ जणी 'नाही' म्हणाल्या, म्हणून स्त्रियांचे ऑड्स ०.६१ झाले. पुरुषांत ६१.५ भागिले ३८.५, म्हणजे १.६०. या दोहोंचे गुणोत्तर २.६ येते. व्हेरहुल्स्टच्या वक्राचा गुण असा, की त्यावर ऑड्स ठरावीक काळात ठरावीक पटीने वाढतात. त्यामुळे दोन गट एकाच वक्रावर पुढे-मागे चालत असतील, तर त्यांच्या टक्केवारीतला फरक कितीही फुगला वा आटला तरी ऑड्सचे गुणोत्तर स्थिर राहते. उदाहरणार्थ, ऑड्स दर दोन वर्षांनी दुप्पट होतात असे गृहीत धरले, तर २.६ हे गुणोत्तर म्हणजे सुमारे पावणेतीन वर्षांचे मागे असणे. ज्यांना लॉगॅरिदम आठवत असतील त्यांनी २.६ चा दोन या पायावरचा लॉगॅरिदम काढून त्याला दोनाने गुणून पाहावे.

आता हे २.६ कायम ठेवून घाट चढून पाहू. स्त्रिया २ टक्क्यांवर असतील तर पुरुष ५ टक्क्यांवर असतात आणि दरी ३ ची दिसते. स्त्रिया १० वर आल्या की पुरुष २२ वर पोचलेले असतात आणि दरी १२ ची होते. स्त्रिया ३८ वर आल्या की ती २३.५ होते, पुढे त्या ७० वर पोचल्या की १६, ९० वर ६ आणि ९५ वर पुन्हा ३. या गुणोत्तराला दरी जास्तीत जास्त जेवढी रुंद होऊ शकते, जवळजवळ नेमक्या त्याच ठिकाणी, म्हणजे चढणीच्या बरोबर मध्यावर, सर्वेक्षणाच्या वेळी महाराष्ट्र होता. बिहारचे गुणोत्तर काढले तर ते ३.० येते, म्हणजे तिथल्या स्त्रिया पुरुषांच्या अधिक मागे आहेत. मात्र बिहार अजून घाटाच्या पायथ्याकडे असल्यामुळे वजाबाकीत ते लपते. हे गुणोत्तर तसेच राहिले तर बिहारची दरी २६ च्या वर जाईल, आणि त्या वर्षी 'बिहारमध्ये डिजिटल विषमता वाढली' अशी बातमी येईल, जरी प्रत्यक्षात काहीही बिघडलेले नसले तरी. पुढे ती दरी आपोआप आटू लागेल तेव्हा श्रेय घेणारेही पुष्कळ भेटतील.

हेच माप गोव्याला लावले की आणखी एक गोष्ट उलगडते. गोव्यात ७३.७ टक्के स्त्रिया आणि ८२.९ टक्के पुरुष, म्हणजे दरी फक्त ९.२ ची. महाराष्ट्रापेक्षा ती १४.३ ने कमी आहे, पण हे सगळे यश समानतेचे मानता येत नाही. महाराष्ट्र आपले २.६ हे गुणोत्तर घेऊन तसाच वर चढत स्त्रियांच्या ७३.७ टक्क्यांपर्यंत गेला असता, तरी त्याची दरी १४.२ वर आलीच असती. म्हणजे १४.३ पैकी ९ च्या आसपासचा भाग निव्वळ घाट चढून गेल्याचा आहे आणि उरलेला ५ चा भाग खरोखर कमी असलेल्या विषमतेचा. गोव्याचे गुणोत्तर १.७ आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की मग काळजीचे काही कारण नाही, थोडे थांबले की दरी मिटेल. तंत्रज्ञानाच्या उत्साही प्रचारकांचे हे आवडते वाक्य आहे, आणि ते दोन राज्यांच्या उदाहरणांपुढे टिकत नाही. मेघालयात ३४.७ टक्के स्त्रियांनी आणि ४२.१ टक्के पुरुषांनी इंटरनेट वापरले होते, तेलंगणात २६.५ टक्के स्त्रियांनी आणि ५७.४ टक्के पुरुषांनी. गुणोत्तरे अनुक्रमे १.४ आणि ३.७ येतात. हैदराबादसारखे माहिती तंत्रज्ञानाचे शहर तेलंगणात आहे, मेघालयात नाही. मेघालयातील खासी आणि गारो समाजांत मात्र कूळ आईकडून चालते, आणि घरातील मालमत्ता मुलीकडे जाते. एवढ्या एकाच कारणाने हा सगळा फरक स्पष्ट होतो असे मी म्हणणार नाही, पण मोबाइलच्या टॉवरचा सिग्नल भावाला पोचतो आणि बहिणीला पोचत नाही, असे कुठेच घडत नसते. उशीर आणि कुंपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील सूरज या गावाने २०१६ साली अविवाहित मुलींना मोबाइल वापरण्याची बंदी केली आणि मोडणाऱ्यास २,१०० रुपये दंड ठरवला. मोबाइलने मुली बिघडतात, ही समजूत भुताखेतांवरच्या विश्वासाइतकीच निराधार आहे. फरक इतकाच, की भुते सर्वेक्षणाच्या आकड्यांत दिसत नाहीत आणि ही समजूत दिसते.

मोजणीविषयीही दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण माप कितीही चांगले असले तरी मोजले काय जाते यावर सारे अवलंबून असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या मार्च २०२४ च्या आकड्यांनुसार शहरी भागात दर १०० माणसांमागे सुमारे १३४ टेलिफोन जोडण्या होत्या आणि ग्रामीण भागात सुमारे ५९. यावरून 'शहरात प्रत्येकाकडे फोन आहे' असे सांगणारे संदेश फिरत असतात, परंतु इथे जोडण्या मोजलेल्या असतात, माणसे मोजलेली नसतात. एकाच्या खिशात दोन सिमकार्डे असली तर दुसऱ्याचा रिकामा खिसा सरासरीत झाकला जातो. कुटुंब हे एकक घेतले तरी तीच अडचण येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२५ च्या पाहणीत ८५.५ टक्के कुटुंबांकडे किमान एक स्मार्टफोन आढळला, पण त्या एका फोनवर दुपारी कोणाचा हात असतो, हे त्या टक्केवारीला ठाऊक नसते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात म्हणूनच स्त्रीला 'तुम्ही स्वतः वापरता असा' मोबाइल आहे का, असे विचारतात. २०१५-१६ मध्ये देशातील ४५.९ टक्के स्त्रियांचे उत्तर होकारार्थी होते, २०१९-२१ मध्ये ते ५४.० टक्क्यांवर गेले.

उत्तरे देणाऱ्यांची समजही एकसारखी नसते. २०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज 'नारीशक्ती दूत' या अ‍ॅपवर भरले जात होते, तेव्हा आमच्या नात्यातल्या एका वहिनींचा अर्ज अंगणवाडीच्या ताईंनी स्वतःच्या फोनवर भरला. ओटीपी आला तो वहिनींच्या मुलाच्या फोनवर. तो कामावर होता, म्हणून त्याने फोन करून सहा आकडे सांगितले, वहिनींनी ते पिठाच्या हाताने कॅलेंडरच्या कडेला लिहिले आणि ताईंनी ते टंकले. या व्यवहारात इंटरनेट वापरणारी माणसे किती, हे ठरवायला मी आजही बिचकेन. त्याच वहिनींना मी पुढे सहज विचारले, की तुम्ही इंटरनेट वापरता का. "नाही हो भाऊजी, ते आपल्याला कुठलं येतंय," असे म्हणत त्यांनी सुनेच्या फोनवर यूट्यूब लावून मला आळूवड्यांची कृती दाखवली. सर्वेक्षकाने तिथे 'नाही' लिहिले असते. अर्थात, लिहायलाही कोणी आले नसते, कारण वहिनींना त्रेपन्नावे लागले आहे आणि हे सर्वेक्षण स्त्रीला एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंतच प्रश्न विचारते.